दंडावरची राजमुद्रा आणि भरतीचं मेडिकल

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. वय १८ वर्षं ७ महिने, बारावी झाली. पहाटे दौड, संध्याकाळी बीम (पुल-अप्स). अग्निवीर व्हायचंय, ते नाही जमलं तर बीएसएफ. जानेवारीत मित्रांबरोबर ग्वाल्हेरच्या व्यापार मेल्यात गेलो होतो, तिथं टॅटू काढून घेतले. उजव्या दंडावर राजमुद्रा आणि मागे भगवा झेंडा, तळहाताएवढं. आणि त्याच हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, 'आई'. ते दोन बोटांएवढंच आहे. आता ग्राउंडवरची मुलं म्हणतात तुझं काम संपलं. एक म्हणतो मेडिकलच्या दिवशी फाउंडेशन फास. टॅटूवाला म्हणतो लेझरनं एका बैठकीत साफ होतं. ओळखीतला एक जण पैसे दिले तर मेडिकल 'बघून घेतो' म्हणतो. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण आहे, तर आमच्या घरची परंपरा आहे असं लिहून दिलं तर चालेल का? 'आई' घरी माहीत आहे, दंडावरचं माहीत नाही. सोळाशे मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत येतं."

बाळा, सोळाशे मीटर पाच-वीसमध्ये येतं हे तू अगदी शेवटी लिहिलंस, ते खरं तर पहिल्या ओळीत हवं होतं. साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला दौडीचे पूर्ण ६० गुण मिळतात, दहा बीम मारले की ४०. म्हणजे ज्या गोष्टीसाठी भिंड-मुरैन्याची पोरं चार वाजता उठून हायवेच्या कडेनं पळतात, ती तुझ्याकडे आहे. अडकलंय ते तळहाताएवढ्या चामडीवर.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो. भरतीच्या मेडिकलला डॉक्टरसाहेबांच्या शेजारी पाटी-पेन्सिल घेऊन उभं राहायचं, मुलांना रांगेत घ्यायचं, उंची-छाती लिहायची, हे पुष्कळ केलंय. त्यामुळे ग्राउंडवरच्या पोरांनी काय सांगितलं ते जरा बाजूला ठेव.

अंगावर टॅटू आहे म्हणून फौज नाही, असा नियम नाही. नियम आहे तो जागेचा. स्थलसेना, नौदल, वायुदल, तिन्हीकडे कायमचं गोंदण चालतं ते दोनच ठिकाणी: कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू, आणि तळहाताची मागची बाजू. बाकी अंगावर कुठेही असलं की उमेदवार पुढच्या निवडीतून बाद. अग्निवीर असो की एनडीएतून अधिकारी व्हायला निघालेला, दोघांच्या जाहिरातीत हेच वाक्य असतं. छाती, पाठ, मान, दंड, पोटरी, सगळं या 'बाकी'त येतं. कपड्याखाली झाकलं जातं म्हणून चालेल, असं पुष्कळांना वाटतं. गंमत अशी की चालतं ते दिसणाऱ्या जागेवरचंच, झाकलेलं नाही.

आतली बाजू म्हणजे नेमकी कुठली, यावर पोरं भांडतात. देवळात प्रसाद घ्यायला दोन्ही हात पुढे करतोस ना, तसे धर. तळवे वर. आता कोपराच्या खोबणीपासून मनगटापर्यंत जो भाग छताकडे बघतोय, तो आतला. हात उलटे केलेस की मनगटाच्या पुढे, बोटांच्या मुळांपर्यंत जी पाठ दिसते तीही चालते. पण घड्याळाची तबकडी जिथं येते तिथपासून वर कोपरापर्यंतची, केसाळ बाजू चालत नाही. या बाजूवर गोंदवून घेतलेली आणि 'हातावरच तर आहे' म्हणणारी मुलं मी रांगेतून परत जाताना पाहिली आहेत. हातावरच होतं, फक्त चार बोटं इकडचं तिकडे.

ही आतल्या बाजूची सूट का, तर आपल्याकडे खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या तिथंच गोंदतात. स्वतःचं नाव, रामाचं नाव, ॐ, त्रिशूळ. जत्रेत बाप पोराच्या हातावर नाव गोंदवून घ्यायचा, गर्दीत हरवला तर कुणी वाचून आणून देईल म्हणून. ते पोर मोठं होऊन भरतीला आलं तर त्याला काय परत पाठवायचं? म्हणून लहानसं धार्मिक चिन्ह किंवा जवळच्या माणसाचं नाव याला फौजेची हरकत नसते. तुझं 'आई' या हिशेबात अगदी नीट बसतं. स्थलसेनेसाठी त्याची चिंता सोड.

आता बीएसएफ. टेकनपूरची अकादमी आपल्या उंबऱ्याशी असल्यामुळे इथल्या प्रत्येक मुलाची ती दुसरी पसंती असतेच. पण बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही दलं गृहमंत्रालयाच्या हाताखाली आहेत, आणि गोंदणाचा त्यांचा नियम वेगळा आहे. मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव असेल तर चालतो, तो भाग फौजेसारखाच. जागा हाताची आतली बाजू, पण फक्त डाव्या हाताची. कारण सलाम उजव्या हातानं करतात, तो हात कोरा हवा. तळव्याची पाठही त्यांच्या नियमात आहे. आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान. आता बघ तुझं काय झालंय. तेच 'आई', त्याच शाईचं, त्याच दोन बोटांचं. एका दारात चालतं, दुसऱ्या दारात नाही. मेल्यात त्या खुर्चीवर बसताना उजव्याऐवजी डावा हात पुढे केला असतास तर ही अर्धी अडचण उरलीच नसती. पण त्या वेळी हे सांगायला तिथं कोण असणार, आणि सांगितलं असतं तरी तू ऐकलं असतंस का, असो.

उजव्या हातावरच्या टॅटूमुळे बाद झालेले उमेदवार दिल्ली उच्च न्यायालयात गेलेले आहेत. २०२२ च्या एका प्रकरणात न्यायालयानं मुलाला टॅटू काढून दोन आठवड्यांत पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जायची मुभा दिली. ही बातमी तुझ्या ग्राउंडवर कुणीतरी मोबाईलवर दाखवीलच, आणि म्हणेल, "बघ, कोर्टातून होतं." त्या आदेशातली खरी ओळ वाच: टॅटू काढून. कोर्टानं शाई चालवून घेतली नाही. वकिलाच्या पैशात लेझरच्या कितीतरी बैठका होतात.

आजीचं गोंदण. हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं, आणि याचंच उत्तर सगळ्यात पटकन देतो: नाही. परंपरेची सूट आहे, पण ती आदिवासी जमातींना आहे, त्यांच्या चालीरीतीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर असलेल्या गोंदणासाठी. आपल्या मध्य प्रदेशात बैगा आहेत, भिल्ल आहेत, त्यांच्यात गोंदण ही अंगावरची लिपीच असते. तीसुद्धा सूट सरसकट नाही, एकेक प्रकरण बघून निवड केंद्राचे अधिकारी ठरवतात. तुझ्या आजीच्या कपाळावरचा ठिपका आणि हातावरचं तुळशीवृंदावन माझ्याही आजीला होतं. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, बरोबर येतं ते गोंदण, असं ती म्हणायची. पण त्या आधारावर मेल्यातल्या मशीननं काढलेल्या राजमुद्रेला परंपरा म्हणून कागद केलास, तर तो खोटा कागद झाला. टॅटूमुळे एक भरती जाते. खोट्या कागदामुळे काय काय जाईल ते तू विचार कर.

फाउंडेशनचं ऐक. एका भरतीत, गावाचं नाव नको, सप्टेंबरचं ऊन होतं. मुलगा चांगला, उंच, दौडीत पहिल्या दहांत आलेला. मेडिकलला बनियन काढलं तर खांद्यापाशी बनियनवर तपकिरी ओघळ. डॉक्टरसाहेबांनी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि खालून सिंहाचं तोंड वर आलं. मुलगा रडला नाही, नुसता बघत राहिला. आम्हीही कुणी काही बोललो नाही. चड्डीवर उभं करून, हात वर करायला लावून, पाठमोरं फिरवून, उजेडात तपासतात रे. दौडीचा घाम आणि फाउंडेशन यांचं एकमेकांशी पटत नाही. शिवाय वायुदलात तर टॅटूचे दोन फोटो, एक जवळून आणि एक लांबून, आकार आणि प्रकार लिहून आधीच द्यावे लागतात. म्हणजे तिथं लपवाछपवी कागदावरच सुरू होते.

मेडिकल 'बघून घेतो' म्हणणारा माणूस काहीही बघत नाही. तो दहा मुलांकडून पैसे घेतो, त्यातली चार आपल्या बळावर पास होतात, त्यांचे ठेवून घेतो, सहांचे परत करतो किंवा फोन बंद करतो. धंदा एवढाच आहे. त्याचा नंबर डिलीट कर.

आता लेझर, कारण खरा मार्ग तोच आहे आणि टॅटूवाल्यानं तुला त्याचीच चुकीची माहिती दिली आहे.

शाई चामडीच्या वरच्या थरात असती तर महिन्याभरात आपोआप झडली असती. ती त्याच्या खालच्या थरात बसलेली असते. लेझरचा झोत शाईच्या कणांचा चुरा करतो, मग रक्तातल्या पेशी तो चुरा हळूहळू उचलून नेतात. झोत सेकंदाच्याही बारीक तुकड्यात संपतो; वेळ लागतो तो उचलून न्यायला. म्हणून दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. घाई केली तर शाई लवकर जात नाही, चामडी मात्र भाजते. मशीनच्या टॅटूला सहा-आठ-दहा बैठका लागणं नेहमीचंच. एका बैठकीत साफ करतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिर.

काळी शाई लेझरला सगळ्यात लवकर बधते. तुझी मुद्रा काळी असणार, ती जाईल. भगवा रंग चिवट असतो, त्यातला पिवळा तर फारच. झेंडा मागं रेंगाळेल. आपल्यासारख्या सावळ्या चामडीवर आणखी एक जपायचं असतं: चुकीच्या मशीननं किंवा जास्त तापवून केलं तर शाई जाते आणि तिच्या जागी पांढरा डाग उरतो. म्हणून हे काम टॅटूच्या दुकानात किंवा ब्यूटी पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडेच. सावळ्या चामडीला एनडी-याग नावाचं लेझर, १०६४ नॅनोमीटरवर वापरतात, हे नाव लिहून ठेव आणि विचार. आधी एकदा आपल्या जयारोग्य रुग्णालयाच्या चामडीच्या ओपीडीत जाऊन दाखव आणि एक गोष्ट आवर्जून सांग: लहानपणी लागल्यावर, कान टोचल्यावर किंवा टाके पडल्यावर तुझ्या अंगावर गाठीसारखा उंच व्रण येतो का. येत असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतील. जाड, ओढलेला व्रण मेडिकलमध्ये टॅटूइतकाच नडू शकतो.

याच कारणासाठी सांगतो, बाजारात मिळणारी ॲसिडची मलमं, चुना-सोडा, मिठानं घासणं, तापलेली सळई, यातलं काही करू नकोस. हसू नकोस, सळई मी पाहिली आहे. मुलानं नाव जाळलं होतं आणि कोपरापाशी चामडी अशी आखडली होती की हात पूर्ण सरळ होत नव्हता. टॅटू चालणाऱ्या जागी होता. तसाच ठेवला असता तर पास होता.

टॅटूवर दुसरा मोठा टॅटू काढून झाकायचं कुणी सुचवलं तर तेही नको. जागा तीच, शाई दुप्पट.

आता तुझं वेळापत्रक बघू, कारण तुझा सगळा प्रश्न मला शेवटी कॅलेंडरचाच वाटतो. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस ठरलं, फक्त त्या वर्षापुरतं तेवीस केलं होतं. वयाची अट दर वर्षीच्या जाहिरातीत वाचायची, ऐकीव धरायची नाही. पण एकवीस धरूनच हिशेब करू. तू आता १८ वर्षं ७ महिन्यांचा. भाद्रपदात पहिली बैठक झाली आणि सरासरी सात आठवड्यांचं अंतर धरलं, तर आठ बैठका पुढच्या वर्षी याच सुमारास पुऱ्या होतात. स्थलसेनेची नोंदणी अलीकडे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होते, मग संगणकावरची लेखी परीक्षा, आणि ती पास झालेल्यांनाच पुढे मैदानावर बोलावतात. म्हणजे अंगावरची शाई पहिल्यांदा कुणी बघणार ते पावसाळा संपता संपता किंवा त्यानंतर. फॉर्म तू फेब्रुवारीत भर, टॅटू असतानाच भर, लेखीची तयारी आजपासून कर. लेझर आणि भरती दोन्ही एकाच वेळी चालतील. आणि यात एखादी बैठक मागंपुढं झाली, झेंडा थोडा उरला, तरी त्याच्या पुढच्या वर्षी तू वीस-साडेवीसचा असशील. दोन संधी आहेत. तीन नाहीत, म्हणून पहिली बैठक दिवाळीवर ढकलू नकोस.

'आई'चं काय करायचं? माझं मत ऐक, पण निर्णय तुझा. पहिल्या दोन बैठका फक्त दंडावर होऊ देत. तुझी चामडी कशी भरून येते ते कळेल. ती नीट भरली आणि बीएसएफ तुला मनापासून हवं असेल, तर तिसऱ्या बैठकीपासून तेही त्याच वेळी करून घे; लहान आहे, काळं आहे, आधी संपेल. फक्त स्थलसेनाच हवी असेल तर त्याला हात लावू नकोस. बीएसएफमध्ये कॉन्स्टेबलसाठी एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, दहावीच्या नव्हे) परीक्षेला वयाची मर्यादा २३ आहे, त्यामुळे हा निर्णय सहा महिन्यांनी घेतलास तरी बिघडत नाही. हा एक निर्णय असा आहे की तो उशिरा घेतलेलाच बरा.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. मेल्यात गर्दीत ती सुई कुणाकुणाच्या दंडातून तुझ्यापर्यंत आली होती? नवी सुई पाकिटातून तुझ्यासमोर काढली होती का? आठवत नसेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करून घे. आठ महिने झालेत, आता तपासणीत नीट कळेल. घाबरवत नाही; बहुतेक काही नसेल. पण रक्तपेढ्यासुद्धा टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत, ते उगाच नाही. १९०५ पासून हा मेला भरतोय, पूर्वी लोक तिथून बैल घेऊन यायचे, हल्ली पोरं ही शाई घेऊन येतात.

बाबांना सांग. लेझर फुकट होत नाही, आणि वर्षभर दर दीड-दोन महिन्यांनी दंडाला पट्टी बांधून घरात फिरणार आहेस, ते लपणार आहे थोडंच. सांगताना टॅटूपासून सुरुवात करू नकोस. आधी पाच-वीस सांग. मग वेळापत्रक सांग, कागदावर लिहून, कुठल्या महिन्यात काय. मग बाही वर कर. महाराजांची मुद्रा बघून ते किती रागावतील ते मला ठाऊक नाही, ती पुसायची म्हटल्यावर कदाचित जास्त रागावतील. तेव्हा सांग, आपण राहतो त्या वस्तीचं नावच लष्कर आहे, दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ होता इथं. त्या फौजेत मुद्रा कागदावर उमटत होती, शिपायाच्या दंडावर नाही.

लेझरनंतर पहिले पाच-सहा दिवस बीम बंद. फोड आला तर फोडायचा नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, पट्टी कोरडी ठेवायची. त्या दिवसांत दौडही हलकीच, घाम जखमेत जाऊ नये एवढी. नंतर पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट घालून पळ, कारण भरत आलेल्या चामडीवर ऊन पडलं की ती काळवंडते आणि पुढची बैठक लांबते. सिगरेट ओढत असशील तर सोड, ओढणाऱ्यांची शाई हळू जाते. आणि तुझ्याबरोबर मेल्यात आलेल्या मित्रांपैकी कुणी अजून कोरा असेल आणि येत्या मेल्यात हात पुढे करणारच असेल, तर त्याला सांग: डावा, आतल्या बाजूला, दोन बोटांएवढं, आणि सुई नवी.